चेहरा नसलेली आई

एस्नात : मेण राहू दे रे. आधी माझं ऐक.

गारिकाई : दगड तापलाय तोवरच मेण मुरतं, ताई. शुक्रवारी हरारेची गाडी येईल मूर्ती न्यायला. तू बोल, मी ऐकतोय.

एस्नात : तुझ्या लेकीचं तिसरंही मूल पोटातच गेलं. काल तिला जाणत्याकडे नेलं. तो म्हणाला, या घरातली एक आई रागातच वारलीय, तीच पोरं जगू देत नाही.

गारिकाई : नाव घेतलं त्यानं?

एस्नात : कशाला घेईल? वाटेत पोरगी मलाच विचारते, आत्या, कोण गं ही आई? मी गप्प. अकरा वर्षं गप्पच आहे.

गारिकाई : मी कुठे विसरलोय तिला? ही बघ. पाठीला पोर, वाकलेली कंबर. ही चाळिसावी. दुसरं काही घडवलंच नाही मी. याला काय म्हणशील?

एस्नात : धंदा.

गारिकाई : ताई!

एस्नात : आणि एकीलाही चेहरा नाही. तेवढा दगड खडबडीत सोडतोस. गोऱ्या गिऱ्हाइकांना वाटतं, काय ही कला!

गारिकाई : चेहऱ्याला छिन्नी लावली की तिचं त्या दिवशीचं तोंड दिसतं. शेतात मी हात उगारला तेव्हाचं.

एस्नात : उगारला नाहीस. मारलंस.

गारिकाई : पोटात दारू होती.

एस्नात : तीही तिनंच केलेली. तुझ्यासाठी.

(गारिकाई मेणाचं फडकं दगडावर फिरवत राहतो.)

एस्नात : गोणपाट आणलंय मी. अंगाला गुंडाळायचं, दारोदार जायचं. ‘मी आईला मारलं’ म्हणायचं आणि नाचणी मागायची. त्या नाचणीची दारू तिच्या नावानं गावाला पाजायची. रीत तुला ठाऊक आहे.

गारिकाई : पोरं राख फेकतात अंगावर. बायका फिदीफिदी हसतात. या वयात, ताई? चाळीस मूर्ती पुरत नाहीत?

एस्नात : मूर्ती बघून लोक तुझी पाठ थोपटतात. आईला मारणाऱ्याची पाठ थोपटून कुठली आई शांत होईल?

(गारिकाई मेणाचं फडकं खाली ठेवतो.)

गारिकाई : गार झाला दगड.

एस्नात : पुन्हा तापव नंतर.

गारिकाई : दमलोय गं.

एस्नात : मी काय ताजी आहे? सत्तरी उलटली. मी गेल्यावर तुला हे सांगायला कोण येणार?

गारिकाई : लेकीला काय सांगू?

एस्नात : जे झालं ते. आज संध्याकाळीच. गावाकडून कळायला नको तिला.

गारिकाई : आणि सकाळी पहिलं दार कुणाचं?

एस्नात : माझं. पण लगेच नाचणी घालणार नाही हो. आधी तुझ्या तोंडून सगळं ऐकेन.

गारिकाई : तुला तर सगळं माहीत आहे.

एस्नात : आहे. तरी सांग. माझीही आई होती ती.