पंख्याचं खेकसणं

कानाच्या दवाखान्यात नात बहिऱ्या आजोबांच्या कानात एवढ्या मोठ्यांदा ओरडत होती, की शेजारच्या मावशी आपला नंबर विसरल्या.

"आजोबा, तुमच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर या आवाजाच्या पट्ट्या कोणी नाचवल्या?"

"मीच! याला लिनक्स आहे, त्याच्या टर्मिनलवर आज्ञा लिहिली. तुझी आजी गेल्यापासून तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग असं रोज बघतो. उंच पट्टी आली की समजायचं, माझ्यावर खेकसतेय!"

"अहो, सेटिंगमध्ये तुम्ही माइक टाकलाय. पट्ट्या खोलीतल्या आवाजावर नाचतायत."

"मग रेकॉर्डिंगवर लाव की!"

"लावलं."

"पट्ट्या झोपल्या का गं?"

"रेकॉर्डिंग कोरंच आहे, आजोबा."

"मग वर्षभर खेकसत कोण होतं?"

"तुमच्या खोलीतला पंखा."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला.

"पोरी, माइकच राहू दे. घरी जाऊन पंखा लावतो."