आईनं काळजी सोडली त्याची गोष्ट

...तर दूध उतू गेलं आणि आई काहीच बोलली नाही! विट्याची गाडी लागेस्तोवर सांगतेच तुम्हाला, आजोबा. अहो, आमच्याकडं दूध उतू गेलं की आधी माझा उद्धार, मग माझ्या मोबाइलचा, मग मोबाइल घेऊन देणाऱ्या पप्पांचा, आणि पप्पा तिकडं कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतायत, त्यांना बिचाऱ्यांना भट्टीपुढं उचक्या... आणि गेल्या रविवारी मी सुट्टीला घरी गेले तर? आई ओट्यावरनं ओघळणाऱ्या दुधाकडं बघत उभी. म्हणते, "गेलं." गेलं? एवढंच? मी इतकी दचकले की गॅस बंद करायचाच राहिला. आता तुम्हीच सांगा, माणूस असं उगाच शांत होतं का?

मग कळलं, बाई बुद्धविहारात ध्यानाला जातात! मागच्या गल्लीतल्या प्रियदर्शनीताई, शाळेतनं रिटायर झालेल्या, त्या शिकवतात. मीही गेले त्याच संध्याकाळी. पाळत ठेवायला म्हणा. सगळ्या बायका डोळे मिटून, आणि ताई सायीसारख्या आवाजात, "खांदे सैल सोडा... जबडा सैल सोडा... विचार आला, येऊ द्या. निघाला, जाऊ द्या. धरून ठेवायचं नाही." मी एका डोळ्यानं आईकडं बघतेय, तर तिचा जबडा खरंच सैल! जन्मात बघितला नव्हता हो मी तसा. मग म्हटलं आपणही खांदे सोडून बघावेत, तर खांद्यावरची पर्स धाडकन फरशीवर, आणि त्या आवाजाला मीच किंचाळले. ताई म्हणाल्या, "आवाज आला, गेला." शेजारच्या अंबूबाई डोळे न उघडता म्हणतात, "आला तो लय मोठा आला पर."

हसताय काय? नीट ऐका. आमच्या घरात काळजी हे खातं आईकडं. ती करते म्हणून बाकीचे निवांत. मग तिनं सोडली तर ती जाणार कुठं? हवेत? छे! सरळ इथं सांगलीला, मी नोकरीसाठी राहते त्या खोलीवर आली! या आठवड्यात पप्पांना मीच विचारतेय, जेवलात का, शटर ओढून बघितलं का, भट्टीजवळ उभं राहताना चप्पल घालता का. पप्पा हळूच विचारतात, "तुझी आई बरी हाय न्हवं?" म्हणजे संशय त्यांनाही! माणूस असं उगाच शांत होतं का?

आणि काल आई फोनवर सहज बोलून गेली, "मी आता समदं सोडून दिलंय बघ." समदं? समदं म्हणजे काय काय? बीपीची गोळीसुद्धा? मागच्या वर्षी दोनच दिवस गोळी चुकली, तर न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली होती हो ती... डोक्याला टाके पडले. मी विचारणार, तोवर फोन ठेवलेला. आणि आज सकाळपासून रिंग वाजतेय, उचलत नाही. प्रियदर्शनीताईंचा फोन बंद. अंबूबाईंकडं फोनच नाही, सुखी बाई. मग मी ऑफिसात सांगितलं पोट दुखतंय, आणि दुखतंयच की! आले तशीच स्टँडवर. ध्यानात बसली असेल, कळतं हो मला. पण शांत बसलीय की पुन्हा न्हाणीच्या दारात... जाऊ दे, तोंडातनं काढायचं नाही. माणूस असं उगाच...

थांबा थांबा. लागला. उचलला!

"आई? गोळी घेतलीस का?"

"घेतली की. नाष्ट्याआधीच घेतली. आणि गं भवाने, जरा कुठं मन लागलं होतं माझं, तर सकाळधरनं त्या फोनची ठणाठणा! विहारात समद्या माझ्याकडं बघाय लागल्या. तू ये घरला, बघतेच तुझ्याकडं."

ऐकलंत? स्पीकरवर नसूनसुद्धा ऐकलंत ना? ही माझी आई. शंभर टक्के माझीच.

आजोबा, गाडी लागली बघा. तुम्ही चढा पुढं... मी आपली उद्याच जाईन म्हणते.