भर उपासनेतून

रविवारी सकाळी बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर चर्चचा ऑर्गनवादक आणि त्याची बायको बोलत होते.

“भर उपासनेतून उठलात! लोक अजून गायला उभे असतील.”

“‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर.’ पाळकांनी आत्ताच बायबलमधून वाचलं ना?”

“पण भाऊजींवर तुमचा राग कुठंय?”

“हेच म्हणत इतकी वर्षं घरी बसलो. वचन माझा राग विचारतच नाही, त्याचा विचारतं.”

“त्यांनी दार उघडलं नाही तर?”

“पायरीवर बसेन.”

“मीही बसेन. आणि उघडलं, तर ‘आईच्या अंत्यविधीला तुला गाऊ दिलं नाही, चुकलो,’ एवढंच म्हणायचं.”

“बेसूर गातो गं तो.”

“ते आज नाही म्हणायचं.”

“आणि तिथंच गायला लागला तर?”

“साथ करायची.”