बेबी आत्याची नोंद

आमच्या घरी एक नियम ‘काऊन?’ न विचारता पाळायचा होता. बेबी आत्याचं नाव काढायचं नाही. लग्नाआधी दिवस गेले म्हणून तिने विहिरीत जीव दिला, एवढं आईने मला एकदाच हळू आवाजात सांगितलं होतं.

मी आर्वीत घरी बसून नॉर्वेतल्या चर्चच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या टाइप करते. तिकडची माणसं त्यांत आपले पूर्वज शोधतात. परवा एक नोंद आली. मार्टा, वय एकोणीस, अविवाहित, गरोदर, नदीत बुडाली. पाद्र्याने सगळं लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घराण्याची वंशावळ टाइप करायला घेऊन आले.

मी म्हटलं, “मोठे बाबा, तुमी सात भावंडं ना? इथं तर सहाच हायेत.”

“जेवढी लिहिली तेवढी टाइप कर.”

“नॉर्वेतल्या बुडालेल्या पोरीचं नाव मी लिहिते, आन् आत्याचं नाई?”

बाबा मध्येच बोलले, “त्या लोकायले लाज नसन.”

“तिच्या घरचे आजही तिले शोधून राह्यले, बाबा. बरं, बेबी तर हाक मारायचं नाव. तिचं खरं नाव काय होतं?”

मोठे बाबा बाबांकडे बघायला लागले, आणि बाबा मोठ्या बाबांकडे.

“आठवलं की सांगजा,” मी लॅपटॉप बंद केला. “तोवर मी एक अक्षर टाइप करत नाई.”