निवांत बसायची परीक्षा

अहो काका, बसा ना! आत्ता कुठे मी तोंड उघडलंय आणि तुम्ही निघालात पण? पाणी प्यायचंय? थांबा, मी देते आणून... नाही नाही, मला इथून हलायचं नाही, विसरलेच. तुम्हीही हलायचं नाही. वीस मिनिटं! वीस मिनिटं संपताना निदान वीस माणसं खुर्चीत दिसली पाहिजेत, नाहीतर ती बघा, मागे भिंतीला टेकून नखं खातेय ना, ती माझी नणंद, ती नापास. आणि तिच्या शेजारी चष्म्यातून डोकी मोजतायत त्या तिच्या विद्यापीठातल्या मॅडम. तेव्हा बसा. मोकळा वेळ काढून आलायत ना? मग तो इथेच घालवायचा!

तुम्हाला सांगते, गेले सहा आठवडे माझ्या जिवाला घोर लागलाय तो ह्या मोकळ्या वेळाचाच. नणंद काय शिकते? तर लोकांनी मोकळ्या वेळात काय करावं ते! हसू नका, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. परीक्षा असते, नापास होता येतं, आणि गेल्या वर्षी ती झालीसुद्धा. तेव्हा आमचे सासरे... हे काय, पहिल्या रांगेत, माझ्या चिमणीला मांडीवर घेऊन बसलेत... मामंजी, तिच्या तोंडात काय आहे बघा हो! बटण? कुणाचं बटण? काढा, काढा आधी... निघालं? हुश्श. तर सासरे म्हणाले, "मोकळा वेळ शिकायला कॉलेज कशाला? मी अकरा वर्षं रिटायर आहे, मला कुणी शिकवलं? पुन्हा नापास झाली की पुस्तकं बांधा आणि टाका माळ्यावर." नणंद रडली, जेवली, झोपली. मी मात्र रात्रभर जागी. कारण माझी पुस्तकं सातवीनंतर अशीच बांधून माळ्यावर गेली, ती अजून खाली उतरलेली नाहीत. म्हटलं, ही पोरगी पास झाली पाहिजे. काय लागेल ते मी करीन!

आणि लागलं काय? तर म्हणे, "वहिनी, तू नुसतं निवांत बस!"

आता हे का मला जमणारं काम आहे?

झालं असं, तिने फ्रिजवर कागद चिकटवला. त्यावर तिची उद्दिष्टं. म्हणजे शिकून झाल्यावर तिला काय काय यायला हवं ते. एक, विद्यार्थिनी समोरच्या माणसाची आवड ओळखू शकेल. दोन, त्या आवडीप्रमाणे कार्यक्रम आखू शकेल. तीन, तो पार पाडू शकेल. चार, त्या माणसाला खरंच बरं वाटलं का ते तपासू शकेल. पाच, हेच एका गटासाठी करू शकेल. शकेल, शकेल, शकेल! दूध काढायला गेले की ती सगळी 'शकेल' माझ्याकडे डोळे वटारून बघायची. आमच्या घरात एरवीची भाषा कशी? "झालं का?" नाहीतर "अजून नाही?" शकेल-बिकेल कुणी कुणाला म्हणत नाही हो!

बरं, हे सगळं करायला एक माणूस लागतो, ज्याला अजिबात मोकळा वेळ नाही असा. तिने डोळे वर केले, समोर मी. एका हातात लाटणं, एका काखेत चिमणी. प्रश्न सुरू. "वहिनी, स्वतःसाठी म्हणून शेवटचं काय केलंस?" मी म्हटलं, सकाळी शिंकले. "वहिनी, नीट सांग ना, आवड काय तुला?" आवड! मला काय आवडतं हे मला कुणी विचारलं होतं का आधी, की मी उत्तर तयार ठेवू? म्हटलं, चिमणी खोकत नसली की मला आवडतं. तिने तेही लिहून घेतलं!

मग काय, रंगाची पेटी आणली. चिमणीने हिरवा रंग खाल्ला. संध्याकाळी फिरायला नेलं. मी कोपऱ्यापर्यंत गेले आणि गॅस बंद केला का ते बघायला तीनदा परत आले. शेवटी खिडकीशी खुर्ची मांडली. "हातात काही नको. रोज अर्धा तास. वहिनी, तू नुसतं निवांत बस!"

मी बसायची हो, प्रामाणिकपणे बसायची! पण बसलं की कान उठतात माझे. चिमणी ओरडली तर वाटतं, पडली. हसली तर वाटतं, काहीतरी सापडलं हिला. आणि गप्प असली तर... आई असाल तर तुम्हाला सांगायला नको, गप्प पोर म्हणजे काय ते! आणि हो, निवांत बसायचं तर आधी सगळं उरकायला नको? म्हणून मी तासभर लवकर उठायला लागले. विश्रांतीपायी डोळ्यांखाली काळं आलं माझ्या!

मामंजी, ती चप्पल चाटतेय... बघा जरा.

त्यातून तिने दिला तक्ता. रोज बसून झालं की बरोबरची खूण करायची आणि पुढे लिहायचं, कसं वाटलं. आता मी काय केलं ते सांगते, पण नावं ठेवू नका. आमची रीत अशी, जे काम आधी होण्यासारखं आहे ते आधी हातावेगळं करायचं. भाजी आदल्या दिवशी निवडायची, कपडे आदल्या दिवशी भिजवायचे. तशी मी सोमवारी सकाळी बसले आणि रविवारपर्यंतच्या सगळ्या खुणा करून टाकल्या! पुढे सुवाच्य अक्षरात, 'खूप बरं वाटलं.' सात वेळा. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बाई फळ्यावर लिहायला मलाच उभी करायच्या.

आणि बुधवारी मॅडम आल्या घरी. तपासायला!

मी खुर्चीत. नणंद दाराशी. मॅडम वही घेऊन समोर. अर्ध्या तासात मी किती वेळा उठले असेन? अकरा! दूध, नळ, चिमणी, चिमणी, मॅडमना चहा, पुन्हा चिमणी... प्रत्येक वेळी मॅडम वहीत एक रेघ मारत होत्या. मग त्यांनी तक्ता उचलला. चष्मा वर. चष्मा खाली. "आज बुधवार आहे ना?" म्हटलं, हो. "मग शनिवारी तुम्हाला खूप बरं कसं काय वाटलं?"

नणंदेचा चेहरा असा पडला म्हणून सांगू... मला तर माळ्यावर चढणारी पुस्तकंच दिसायला लागली. मॅडम उठल्या, चपला घातल्या, म्हणाल्या, "मला हे मान्य करता येणार नाही." आणि मी... मला नाही माहीत मला काय झालं! दारात आडवी उभी राहिले आणि सुटलेच. म्हटलं, बाई, तिला नापास करू नका, दोष माझा आहे, मला निवांत बसता येत नाही, मला कुणी शिकवलंच नाही! मग गॅसचं सांगितलं, हिरव्या रंगाचं सांगितलं, सातवीचं सांगितलं, शिंकेचंसुद्धा सांगितलं. मॅडम आधी घड्याळ बघत होत्या, मग उंबऱ्याशी टेकल्या, मग तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या. किती वेळ? पाऊण तास! आणि पाऊण तासानंतर माझ्या लक्षात आलं, चिमणी कुठे आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं. नणंदेच्या खांद्यावर झोपली होती. आणि मॅडमनी नणंदेला विचारलं, "सापडली का वहिनींची आवड?"

म्हणून मी आज इथे मंचावर, बोलायला. पाचवं उद्दिष्ट! तुम्ही म्हणजे गट. अहो ताई, बसा ना... गेल्या? किती राहिले? अठरा, एकोणीस... मामंजी धरून वीस. धरून बरोबर वीस!

अगं बाई, चिमणी रडायला लागली. मामंजी, भूक लागली असेल. नाहीतर बटण गिळलं असेल, दोन होती का बटणं? मी येऊ का खाली? तुम्ही उठू नका हो, तुम्ही उठलात तर... काय म्हणालात? "तू बोल सूनबाई, हिला मी बघतो. मी काही उठत नाही."

ऐकलंत? मामंजी म्हणतायत हे! अकरा वर्षं दर दहा मिनिटांनी चहासाठी उठणारा माणूस... ती गप्प झाली बघा. आता गप्प का झाली? नाही, राहू दे. बघत नाही मी. इथेच उभी आहे.

आणि घंटा! झाली वीस मिनिटं? मॅडम मान हलवतायत. नणंद उड्या मारतेय. पास झाली हो, पास झाली! आता काकांनी खुशाल पाणी प्यावं...

काय गं? काय म्हणतेस? मोठ्याने बोल. मॅडमना इतकं आवडलं की दर गुरुवारी? पाच वाजता? आणि येताना तक्ता भरून आणायचा?

ऐकलंत ना? सहा आठवडे शोधशोध शोधून एवढासा मोकळा वेळ सापडला होता माझा... लावला त्यालाही कामाला!