डोहातली मरळ

मला मरळ वाढू नका रे. का, ते सांगतो.

गोसीखुर्दचं धरण नव्हतं, तेव्हा उन्हाळ्यात आमची वैनगंगा आटून नुसते डोह उरायचे. अशाच एका उन्हाळ्यात भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वहिनीला घरी न्यायला सांगितलं. तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. एका सकाळी ती भावाला म्हणाली, "मरळीचा रस्सा खावासा वाटून राहिला जी."

भाऊ तसाच उठला. मीही मागे गेलो. डोहात मासे उरलेच नव्हते. दुपारपर्यंत तो चिखलात चाचपडत होता, तेव्हा कुठे एक मरळ हाती लागली. ओल्या पोत्यात गुंडाळून आम्ही जवळजवळ पळतच घरी आलो. अंगणात बाया जमल्या होत्या.

मरळ अजून जिवंत होती. तिला भावानं घमेल्यात पाणी ओतून ठेवलं. संध्याकाळी नदीकाठी वहिनीला अग्नी दिला. मग तो घरून घमेलं घेऊन आला आणि मरळ त्याच डोहात सोडली.

मी म्हटलं, "भाऊ, हा डोह तं चार दिवसात आटून जाईन."

"आटू दे," तो म्हणाला. "तुह्या वहिनीले तेवढेबी नाही भेटले."