लहानसा चालेल

"माणसानं महासागरात पोहावं, वहिनी. डबक्यात नव्हे," निवृत्त पोस्टमास्तरांनी जाहीर केलं.

"डोळे मिटा आजोबा, औषध गालावर ओघळतंय," नर्स म्हणाली.

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंनी हसू गिळलं. शेजारचे दीर-भावजय डोळे मिटून, झोपेत बोलावं तसे संथ बोलत होते.

"म्हणून मोबाइलवरचा आमचा ढगांच्या फोटोंचा ग्रुप सोडून त्या मोठ्या ग्रुपात गेलात. मग, कसा आहे महासागर, भावजी?"

"दोन लाख माणसं आहेत. आभाळ पुरत नाही."

"तुमच्या ढगाला काय म्हणाले?"

"एकानं शास्त्रीय नाव सांगितलं. दुसऱ्यानं फोटो खोटा ठरवला. तोवर तो खाली कुठंतरी बुडाला."

"आमच्या डबक्यात त्याला लोळणारी म्हैस तरी म्हटलं असतं."

"अजून संध्याकाळी पाळीपाळीनं ढग टाकता?"

"टाकतो ना. तुमची पाळी आली की सगळे जरा थांबतात. मग कुणीतरी 'ढग झोपला वाटतं' असं लिहितं आणि आम्ही पुढं जातो."

पोस्टमास्तरांनी गालावरचं औषध पुसलं.

"मी निघताना भाषण ठोकलं होतं, वहिनी."

"लांबलचक होतं. शेवटपर्यंत कुणीच वाचलं नाही."

"नक्की?"

"मी तरी नाही."

पोस्टमास्तर खुर्चीत सैलावले. मग मिटल्या डोळ्यांनीच शिंपीणबाईंच्या दिशेला वळले.

"बाई, तुमच्या डोळ्यांत अजून औषध घातलं नसेल, तर जरा खिडकीबाहेर बघता? एखादा ढग असला तर माझ्या फोनवर त्याचा फोटो काढून द्या. लहानसा चालेल."